गुत्तेवाल्याचें घर

गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ मी महाविद्यालयांत वीस वर्षांहून अधिक काळ शिकवीत आलों आहें. इतक्या वर्षांत विद्यार्थ्यांनीं त्या नाटकाविषयीं जे प्रश्न विचारले, त्यांचीं उत्तरें आतां मला जवळ जवळ मुखोद्गत झालीं आहेत. सिंधूनें माहेरची मदत कां नाकारली? सुधाकराच्या अधःपाताचें खापर तळीरामाच्या माथीं कितपत फोडावें? रामलालाचें उपकथानक नाटकाला पोषक कीं मारक? असल्या प्रश्नांना उत्तर देतांना शिक्षकाला विशेषसें जागें राहावें लागत नाहीं. परंतु गेल्या वर्षीं काटोलकडच्या एका विद्यार्थ्यानें मध्येंच उभें राहून विचारलें, “सर, दारूचें दुकान कोणाचें होतें?”

वर्ग हंसला. मीहि हंसलों, आणि नाटककाराला त्या माहितीची गरज नव्हती, अशा अर्थाचें कांहींतरी बोलून पुढच्या प्रवेशाकडे वळलों. तास संपल्यावर दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून समजलें कीं, त्या मुलाच्या आजोबांचें देशी दारूचें दुकान होतें आणि तें बुडालें. तेव्हांपासून माझें तें हंसणें माझें मलाच टोंचत आहे. मुलाचा प्रश्न पोरकट नव्हता. मराठी वाङ्मयानें तो आजवर स्वतःला विचारलेलाच नाहीं, हें मला त्या संध्याकाळीं प्रथम जाणवलें.

‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीनें २० फेब्रुवारी १९१९ रोजीं बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आणलें. त्यापूर्वीं चारच आठवडे, २३ जानेवारीस, आमच्याच नागपूर जिल्ह्यांतील सावनेर येथें गडकऱ्यांना वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं मृत्यूनें गांठलें होतें. नागपूरकरांना या नाटकाविषयीं जी एक घरोब्याची भावना वाटते तिचें मूळ येथें आहे. नाटक दारूचें म्हणून ओळखलें जातें. पण बारकाईनें पाहिलें तर त्यांतील अर्धें दुःख पैशाचें आहे. सुधाकर हा कर्तबगार वकील. त्याची सनद जाते आणि तिच्याबरोबर घरांत येणारा पैसा थांबतो. सिंधू ही श्रीमंत माहेरची लेक. तिच्यावर लोकांचें दळण दळण्याची पाळी येते. भाऊ पद्माकर धनाढ्य, मदतीचा हात पुढें करणारा. पण पतीच्या घरांत दुसऱ्याचा पैसा घ्यावयाचा नाहीं हा तिचा निर्धार. संसाराची उतरती कळा गडकऱ्यांनीं पायरीपायरीनें दाखविली आहे आणि त्यांतील एकहि पायरी खोटी वाटत नाहीं. या घरांतून बाहेर पडणारा पैसा आपल्याला दिसतो. तो कोणाच्या गल्ल्यांत जाऊन पडतो तें मात्र दिसत नाहीं. दारू आणून देणारे हात नाटकांत आहेत, आर्यमदिरामंडळाची धमाल आहे, पिणारांचे नाना नमुने आहेत. पण विकणाराचें घर, त्याचीं बायकापोरें, त्याची हिशेबाची वही यांचा मागमूस नाहीं.

हा गडकऱ्यांचा दोष म्हणावयाचा काय? मला तसें वाटत नाहीं. शोकांतिकेचा शत्रु नायकाच्या आंत असावा लागतो. रंगभूमीवर एखादा लठ्ठ, लोभी दुकानदार आणून बसविला असता, तर प्रेक्षकांनीं सगळा राग त्याच्यावर काढला असता आणि सुधाकर स्वस्तांत सुटला असता. गडकऱ्यांनीं मोहांत पाडणारा म्हणून तळीराम निर्माण केला. पण तोहि पिणारांपैकींच, आणि त्याच व्यसनानें मरणारा. या धंद्यांत त्याला एका पैचाहि नफा नाहीं. मोहांत पाडणाराला नफा नसावा, ही कल्पना नाट्यदृष्ट्या फार मोठ्या ताकदीची आहे. तिच्यामुळें व्यसनाला केवळ व्यसनाचें रूप राहतें, त्याला व्यापाराचा वास येत नाहीं. एका नाटकापुरतें हें अगदीं योग्य झालें. खेद एवढाच वाटतो कीं, गडकऱ्यांनीं जें कलेच्या गरजेनें वगळलें, तें त्यांच्या मागून येणारांनीं नुसत्या संवयीनें वगळलें. दारूबंदीचीं नाटकें झालीं, कीर्तनें झालीं, बोलपट निघाले. त्यांत गुत्तेवाला आला तर मिशांना पीळ देणारा गुंड म्हणून आला, नाहीं तर पडद्याच्या कडेची एक सांवली म्हणून. त्याला घर असतें, आणि तें घर बुडूं शकतें, ही गोष्ट कोणाच्या ध्यानांतच आली नाहीं.

वस्तुतः आपल्या भाषेनें ही गोष्ट एका शब्दांत सांठवून ठेविली आहे. दारूच्या दुकानाला आपण ‘गुत्ता’ म्हणतों. गुत्ता म्हणजे मूळचा मक्ता, ठेका. पूर्वीच्या निजामाच्या मुलुखांत गुत्तेदार म्हटला म्हणजे सडका व पूल बांधणारा ठेकेदारहि असे. दुकानाला आपण दारूवरून किंवा पिणारावरून नांव दिलें नाहीं. सरकारशीं झालेल्या करारावरून दिलें. लिलांवाची बोली आणि हप्त्याची तारीख त्या दोन अक्षरांत आहे. बोलणाराला तें ठाऊक नसतें, ही गोष्ट वेगळी.

परदेशच्या वाङ्मयांत हा विषय कसा हाताळला गेला आहे तें पाहूं जातां मला अमेरिकेतील दोन कृति आठवतात. दोन्ही खेड्यापाड्यांतील खाणावळवजा मद्यगृह चालविणाऱ्या कुटुंबाच्या ऱ्हासाच्या आहेत, दोन्हींचा काळ एकोणिसाव्या शतकाचा आहे, आणि दोन्हींची दृष्टि मात्र एकमेकींपासून शंभर कोस दूर आहे.

पहिली टिमथी शे आर्थर याची १८५४ सालची कादंबरी, ‘टेन नाइट्स इन अ बार-रूम’. मेन या संस्थानानें १८५१ मध्यें दारूबंदीचा कायदा केला होता व त्या चळवळीचें वारें सर्वत्र वाहत होतें. कादंबरी त्या वाऱ्यावर स्वार झाली, अफाट खपली, आणि १८५८ मध्यें तिचें नाटक होऊन तें गांवोगांव रडून पाहिलें गेलें. कथानक असें: सायमन स्लेड नांवाचा एक गिरणीवाला पीठ दळण्याच्या कष्टांना कंटाळतो, गिरणी विकतो आणि सीडरव्हिल नांवाच्या गांवीं ‘विळा आणि पेंढी’ या नांवाचें मद्यगृह उघडतो. एक प्रवासी कांहीं वर्षांच्या अवधींत तेथें दहा रात्रीं उतरतो आणि प्रत्येक खेपेस काय पाहिलें तें सांगतो. पहिल्या रात्रीं सर्व कांहीं चकचकीत, नवा रंग, स्वच्छ टेबलें. मालक तृप्त, आपल्या दुकानामुळें गांवांतल्या जागांचे भाव कसे वाढले तें अभिमानानें सांगणारा. मालकीण मात्र पहिल्याच दिवसापासून खिन्न. पुढें एके रात्रीं जो मॉर्गन या व्यसनी माणसावर स्लेडनें फेंकलेला पेला त्याला बोलवावयास आलेल्या मुलीला, मेरीला, लागतो व ती त्या दुखण्यांतून उठत नाहीं. मग जुगार, खून, दंगा. स्लेडची बायको वेडी होते. आणि शेवटीं लहानपणीं गल्ल्यावर बसविलेला मुलगा फ्रँक, दारूच्या धुंदींत, बाटलीच्या घावानें बापाचा प्राण घेतो. गांवकरी दारू ओतून देतात, आणि सकाळीं प्रवासी निघतो तेव्हां त्या विळ्याच्या व पेंढीच्या पाटीचा खांब जमिनीवर आडवा झालेला असतो.

कलादृष्ट्या ही कादंबरी सामान्य आहे. तिचा प्रत्येक माणूस बोलूं लागला कीं व्याख्यान देतो. तरी तिच्यांत दोन गोष्टी अशा आहेत कीं ज्या आमच्याकडे नाहींत. एक म्हणजे ऱ्हास सांगण्याची रीत. प्रवासी प्रत्येक खेपेस काय पाहतो? टेबलावरचा चिकटा, अंथरुणाचा वास, जेवणाची आबाळ, मालकाच्या चेहऱ्यावरची सूज. वस्तूंवरून घराची नाडी पाहणें ही साधी पण खरी दृष्टि आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आर्थरनें दुकानदाराच्या घरांत पाऊल टाकलें. मॉर्गनच्या झोपडींत तो जातो तसाच स्लेडच्या माजघरांतहि डोकावतो, आणि त्याला तेथें एक सिंधू दिसते. ॲन स्लेडला दारू प्यावयाची नव्हती, विकावयाचीहि नव्हती. नवऱ्यानें गिरणी विकतांना तिचा सल्ला जुमानला नाहीं एवढेंच.

उणीव आहे ती हिशेबाची. स्लेड श्रीमंत कसा झाला आणि भिकेला कसा लागला याचा अंकगणिती जबाब कादंबरींत मिळत नाहीं. पाप केलें, फळ मिळालें, असा तो व्यवहार आहे. वाचकाला त्यानें समाधान होतें. पण दुकानें पापानें बुडत नाहींत. तसें असतें तर आजवर कितीतरी दुकानें बुडावयास हवीं होतीं!

दुसरी कृति यूजीन ओनील याचें ‘अ टच ऑफ द पोएट’ हें नाटक. तें त्यानें १९४२ मध्यें पुरें केलें, पण त्याच्या मृत्यूनंतर, १९५७ मध्यें, स्टॉकहोम येथें प्रथम रंगभूमीवर आलें. बॉस्टनपासून कांहीं मैलांवरच्या एका गांवांतील मद्यगृह, आणि १८२८ सालच्या जुलै महिन्यांतील एक दिवस. हें घर एकेकाळीं भरभराटींत होतें, कारण घोडागाड्यांचा टप्पा तेथें पडे व उतारू न्याहारीला उतरत. पुढें ती गाड्यांची वहिवाट बंद पडली आणि घर ओस पडलें. ऱ्हासाचें मूळ असें रस्त्यांत आहे. कोणाच्या पापांत नाहीं. मालक कॉर्नेलियस मेलडी हा आयर्लंडांतून आलेला, वेलिंग्टनच्या सैन्यांत मेजर असलेला गृहस्थ. टालाव्हेराच्या लढाईच्या वाढदिवशीं तो जुना लाल गणवेष चढवून आरशासमोर उभा राहतो. वाण्याचें बिल थकलें आहे, बायको नोरा राबून राबून झिजली आहे, मुलगी सारा स्वतः वाढप्याचें काम करते आणि दुकानाची वही तपासते. पण मेजरसाहेबांच्या दिमाखासाठीं एक जातिवंत घोडी मात्र तबेल्यांत पोसली जात आहे. शेवटीं तो आपल्या हातांनीं ती घोडी गोळी घालून मारतो, साहेबी उच्चार टाकून देतो, आणि ज्यांना आजवर तुच्छ लेखलें त्या गिऱ्हाइकांत जाऊन पितो.

माझ्या मतें हा या विषयाचा खरा नाटककार. त्यानें वही मुलीच्या हातांत दिली, हें त्याचें मर्म. घर बुडत असतांना तें प्रथम कोणाला कळतें? जो बाहेर बोलत असतो त्याला नव्हे. जें माणूस संध्याकाळीं बेरीज करतें त्याला. मेलडीची घोडी ही पुष्कळ मराठी घरांतहि आहे, फक्त तिला कोठें वाड्याची दिंडी म्हणतात, कोठें लग्नांतलें मानपान.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. जुन्या मध्यप्रांतांत दारू गाळणें व विकणें हा मुख्यत्वें कलार समाजाचा व्यवसाय होता. दारू मोहाच्या फुलांची. खेड्यांत भट्टी, भट्टीपाशीं दुकान, दुकानामागें घर. इंग्रजी अंमलांत सरकारनें या भट्ट्यांचा मक्ता लिलांवानें देण्यास आरंभ केला. ज्याची बोली मोठी त्याला अमुक टापूंत दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क. हप्ता ठरलेला, मग विक्री होवो न होवो. या पद्धतीचा तर्क निर्दय होता. हप्ता भरावयाचा तर अधिक विकलें पाहिजे; अधिक विकावयाचें तर उधार दिलें पाहिजे; उधार वसूल करावयाचें तर गिऱ्हाइकाचें धान्य, बैल, शेवटीं शेत घेतलें पाहिजे. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांत पोळून निघाला. त्या काळीं गिऱ्हाइकाच्या हातीं पैसा कोठला? लिलांवांत चढाओढीनें केलेली बोली मात्र कागदावर तशीच उभी राही. पुढें १९०५-०६ मध्यें हिंदुस्थान सरकारनें अबकारी समिती नेमली, आणि गांवोगांवच्या भट्ट्या जाऊन दारू मोठ्या कारखान्यांत, सरकारी देखरेखीखालीं, ठराविक कर बसवून गाळण्याचा क्रम वाढत गेला. भट्टी गेली तसें गाळण्याचें कसब गेलें; खेड्यांतल्या कलाराच्या हातीं केवळ माप आणि गल्ला राहिला. मोठे मक्तेदार त्यांतून तरले, कांहींजण सावकार व मालगुजार झाले. लहानांची कथा कोणी लिहून ठेविली नाहीं.

कोंकणांत हेंच आधीं घडलें होतें. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्यानें माडांवरचा कर आणि परवान्यांचें जाळें असें आवळलें कीं, पिढ्यान्पिढ्या माडी काढणाऱ्या भंडाऱ्यांच्या धंद्याचा कणाच मोडला. १८९२ मध्यें तर मोहाचीं फुलें बाळगण्यावर कायद्याचें नियंत्रण आलें. झाडाखालीं पडलेलें फूल उचलणें हा गुन्हा होऊं शकतो, ही गोष्ट त्या काळच्या ठाणें जिल्ह्यांतील माणसाला कशी समजावून सांगितली असेल, याचें मला नेहमीं कुतूहल वाटतें. एकीकडे ही आवळण; दुसरीकडे शहरांत दुकानांची वाढ. पुण्यांत वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध महात्मा फुल्यांनीं १८८० मध्यें नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली होती. दुकान वाढवणारें सरकार आणि दुकानदार बुडवणारें सरकार एकच होतें. ‘एकच प्याला’ नंतरच्या शंभर वर्षांत एवढें कथानक कोणा कादंबरीकाराच्या हातीं लागूं नये काय?

येथें कोणी म्हणेल कीं, प्राध्यापकमहाशय आतां गुत्तेवाल्याच्या वतीनें अश्रु ढाळूं लागले. तसें नाहीं. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ सालच्या जातिविषयक ग्रंथांत मध्यप्रांतांतील दारू विकणाराची सावकारी आणि गोंडांसारख्या भोळ्या गिऱ्हाइकांची त्यानें केलेली नागवणूक यांची नोंद आहे. त्या ग्रंथाची नजर राज्यकर्त्यांची, आणि एका संपूर्ण समाजाला एकाच शिक्क्यानें मारण्याची त्याची खोड मला मान्य नाहीं. तरी उधारीच्या वहीनें शेतें खाल्लीं हें नाकारतां येणार नाहीं. पण कादंबरीकाराला निरपराध माणूस हवा असतो असें कोणी सांगितलें? जो लुबाडतो आणि लुबाडला जातो, तोच माणूस लिहिण्याजोगा. आपल्या वाङ्मयांत सावकार आला, पाटील आला, कुळकर्णी आला. त्यांच्या दुष्टपणासकट त्यांचें घर आलें. हप्त्याच्या तारखेला धास्तावलेला आणि त्याच संध्याकाळीं गोंडाच्या अंगठ्याला शाई लावणारा गुत्तेवाला तेवढा उंबऱ्याबाहेर राहिला. त्याला कारण आपला, म्हणजे वाचणाऱ्या व लिहिणाऱ्या मध्यम वर्गाचा, सोंवळेपणा. पिणारा आपल्या नात्यांतला असूं शकतो. सुधाकर वकीलच होता. विकणारा आपल्या पंगतींतला नव्हता.

हा विषय जुना झाला असेंहि कोणी समजूं नये. आमच्या विदर्भांतच वर्धा जिल्ह्यांत दारूबंदी आहे. गडचिरोलींत ती १९९३ मध्यें आली. चंद्रपुरांत १ एप्रिल २०१५ पासून आली आणि २०२१ मध्यें उठली. चंद्रपूरच्या बंदीसाठीं खेड्यापाड्यांतल्या बायका पायीं चालत आल्या होत्या. त्या सगळ्या सिंधूच्या घरांतून निघालेल्या. त्यांच्या म्हणण्यापुढें मान लववावी लागते. दुकानें बंद झालीं त्या दिवशीं आणखी कांहीं घरांतल्या बायका दाराआड उभ्या राहून पाहत असतील. त्यांच्याविषयीं कोणी बोललें नाहीं, आणि त्यांनीं स्वतः बोलावें अशी त्यांची परिस्थिति नव्हती. सहा वर्षांनीं दुकानें उघडलीं तेव्हांहि त्यांना कोणी कांहीं विचारलें नसावें.

त्या विद्यार्थ्याला मीं पुढें घरीं बोलावलें. तो आला तो एक लांबट, लाल कापडाच्या बांधणीची वही घेऊनच. आजोबांची उधारीची वही. नांवें, पुढें आणे-पैसे, नंतरच्या पानांवर रुपये आणि नवे पैसे. वसूल झालेल्या रकमांवर तिरकी रेघ. पहिल्या पानांवर रेघा दाट आहेत, पुढें विरळ होत जातात, आणि शेवटच्या पंचवीस-तीस पानांवर रेघ जवळ जवळ नाहींच. आर्थरला दहा रात्रींत जें सांगतां आलें नाहीं तें त्या रेघांनीं मला दहा मिनिटांत सांगितलें. परवान्याचा भरणा थकला, दुकान दुसऱ्याच्या नांवावर गेलें, आणि आजोबा त्याच दुकानांत, त्याच गल्ल्यामागें, महिन्याच्या पगारावर बसूं लागले. गिऱ्हाइकें त्यांना मालक म्हणूनच हांक मारीत राहिलीं. मध्येंच कांहीं पानांवर अक्षर बदललेलें दिसलें. गोल, जपून काढलेलें. “हें कोणाचें?” मीं विचारलें. “आजीचें,” तो म्हणाला. “आजोबा आजारी असले कीं ती लिहायची.”

मला ओनीलची सारा आठवली. पण तें मीं त्याला सांगितलें नाहीं. एवढेंच म्हणालों कीं, तूं हें लिही. तुझ्याखेरीज दुसरा कोणी लिहूं शकणार नाहीं. त्यानें वही कपड्यांत गुंडाळली आणि थोडा वेळ गप्प बसला.

“आजी आहे अजून, सर,” तो म्हणाला. “तिनें गांवांत सगळ्यांना किराण्याचें दुकान होतें म्हणून सांगितलंय.”